निळं कडं

वॉकीटॉकी बिघडली की लोक आधी आवाजाचं बटण पिळतात, मग बॅटरी काढून परत घालतात आणि तरीही बोलणं झालं नाही की सेट टेबलावर आपटतात. अँटेनाकडे कुणाचंही लक्ष जात नाही. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कच्या कोपऱ्यावर माझं वायरलेस दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे आलेल्या गिऱ्हाइकाला मी सर्वांत आधी विचारायचो, "शेपटी कुठली लावलीय?" बहुतेकांना तो प्रश्न शिवीसारखा लागायचा. सेटच्या डोक्यावर उभ्या असणाऱ्या काळ्या रबरी अँटेनाला आम्ही दुकानात शेपटी म्हणत असू, एवढंच.

मी गिरगावातून मीरा रोडला आलो तेव्हा अर्ध्या भागात मिठागरं होती आणि उरलेल्या अर्ध्या भागात इमारतींचे पाये खणत होते. माझा धंदा त्या पायांवरच उभा राहिला. विसाव्या मजल्यासारखी चैन तेव्हा नव्हती, पण सातव्या मजल्यावरच्या सुपरवायझरला खालच्या सिमेंटच्या माणसाशी बोलायला सेट लागायचा. मोबाइल फोन आमच्या भागात कुणी पाहिलेलाही नव्हता. बिल्डर, सिक्युरिटीवाले, घोडबंदरकडचे खाणवाले, शूटिंगवाले, सगळ्यांचे सेट माझ्याकडे यायचे.

शेपटीची भानगड सोपी आहे, पण ती एकदा समजून घ्यावी लागते. प्रत्येक सेट ठरावीक फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि त्या फ्रिक्वेन्सीला जुळेल तेवढीच तार शेपटीच्या पोटात असावी लागते. फ्रिक्वेन्सी कमी असेल तर तार लांब लागते, म्हणून ती स्प्रिंगसारखी गुंडाळून आत कोंबतात. जास्त असेल तर आखूड तार पुरते, ती सरळच असते. वरून मात्र दोन्हींना तेच काळं रबर. लांबी जवळजवळ सारखी, बुडाचे आटे सारखे, कुठलीही शेपटी कुठल्याही सेटवर गुमान बसते. मग ओळखायची कशी? त्यासाठी कंपनी बुडाशी रंगाचं एक बारीक कडं घालते. पिवळं, लाल, हिरवं, निळं. रंग म्हणजे त्या शेपटीची फ्रिक्वेन्सी, अमुक आकड्यापासून तमुक आकड्यापर्यंत. त्यातही गंमत अशी की एका कंपनीचा लाल म्हणजे दुसऱ्या कंपनीचा लाल नव्हे. म्हणून मी रंग बघायचो, पण मीटर लावल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचो नाही.

चुकीची शेपटी लावली तर सेट बंद पडत नाही, हीच खरी पंचाईत. बंद पडला असता तर माणूस सावध झाला असता. दिवा लागतो, खरखर येते, जवळच्या माणसाशी झकास बोलताही येतं. फक्त आवाज लांब जात नाही. सेटने फेकलेली ताकद बाहेर पडायच्या ऐवजी उलटी सेटमध्ये येते आणि तिथेच गरम होऊन संपते. बोलणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही. त्याला वाटतं, आपण बोललो म्हणजे समोरच्याने ऐकलं.

या कड्यांपायी मी किती लोकांशी भांडलो असेन. एका साइटचा सुपरवायझर सांगत आला, "भाईसाब, लालवाला मत दो, हमारे सेठ को लाल रंग नहीं चलता." मी म्हटलं, सेठला नसेल चालत, सेटला चालतो. वरसाव्याला शूटिंग करणाऱ्या एकाने तर सगळ्या कड्यांवर काळी टेप गुंडाळली होती, का तर कॅमेऱ्यात रंग चमकतात. टेप निघाली तेव्हा निम्म्या शेपट्या भलत्याच सेटांवर होत्या आणि हा मला सांगत होता की तुमच्या भागातली हवाच खराब आहे. अशा माणसांवर मी चिडायचो, घरी जाऊन बायकोला नकला करून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. कारण फार तर एखादा स्लॅब उशिरा पडायचा किंवा हिरॉइन उशिरा यायची. चौकला मात्र मला हसता आलं नाही.

चौक म्हणजे उत्तनजवळचं मच्छीमारांचं गाव. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत तिथल्या मच्छीमार सोसायटीने बोटींसाठी वायरलेस घेतले. मोठ्या बोटींना डोलकाठीवर उंच अँटेना असलेले दणकट सेट, लहान बोटींना हातातले. ते सेट मुंबईच्या एका विक्रेत्याने दिले होते. माझ्याकडे पुढे फक्त दुरुस्ती आली. त्या विक्रेत्याच्या माणसाने सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना सेट कसा धरायचा, कसं बोलायचं ते दाखवलं. तेव्हा कुणीतरी बोट लावून विचारलं होतं, "ह्या पिवल्या कड्याचं काय?" त्याने उत्तर दिलं, "ती खूण आहे." त्याच्या दृष्टीने उत्तर बरोबरच होतं.

पण चौकमध्ये खूण या शब्दाला वेगळा अर्थ आहे. तिथे प्रत्येक घराचा एक रंग असतो. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तो रंग, वल्ह्यावर तो रंग, जाळ्याच्या बोयांवर तो रंग. समुद्रात तरंगणारा बोया लांबून दिसला की कुणाचं जाळं आहे ते कळतं आणि दुसरा त्याला हात लावत नाही. त्याला ते खूण म्हणतात. सगळ्यांचे सेट हॉलमध्ये एकत्र चार्जिंगला लागायचे, सगळे दिसायला सारखे. मग ज्याने त्याने बोट रंगवताना उरलेल्या रंगाचा एक फटकारा शेपटीच्या कड्यावर मारून टाकला. कंपनीचं पिवळं कडं आत गेलं, वर कुणाचं हिरवं, कुणाचं नारिंगी, कुणाचं पांढरं. आपली खूण, आपला सेट. यात चूक काढायला जागा नव्हती. मी त्यांच्यातला असतो तर मीही तेच केलं असतं.

निळा रंग इनासच्या घराचा. इनास आणि पास्कू हे दोघे भाऊ. बाप होता तोवर दोघांचा रंग एकच होता. वाटण्या झाल्या तेव्हा बापाची जुनी लहान बोट आणि निळा रंग थोरल्या इनासकडे गेला. पास्कूने नवी मोठी बोट बांधली, पण रंग त्याला दुसरा घ्यावा लागला, नारिंगी. बोटीवरून तो भांडला नाही, रंगावरून मात्र भांडला आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. हे सगळं मला सोसायटीच्या चेअरमननी सांगितलं, जेव्हा ते एक सेट रुमालात बांधून माझ्या दुकानात आले.

तो सेट इनासचा होता. पावसाळ्यानंतरचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. दुपारी समुद्र अचानक खवळला आणि इनासच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. बोट खडकांकडे ओढली जाऊ लागली. इनास सेटवर हाका मारत राहिला. सगळ्यांत जवळ पास्कूची बोट होती, म्हणून तो नाव घेऊन पास्कूलाच हाक मारत होता. शेवटी सेट खलाशाच्या हातात देऊन तो नांगर टाकायला पुढे गेला आणि लाटेने त्याला नेलं. संध्याकाळच्या आत दुसऱ्या एका बोटीला बाकीचे दिसले. दोघे खलाशी वाचले. इनासचा देह पुढे किनाऱ्याला लागला.

"आनि पास्कू म्हनतो, मला हाक आलीच न्हाय," चेअरमन म्हणाले.

"नसेल आली."

"खलाशी सांगतायत ना साहेब. त्यांच्या सेटवर पास्कूचा आवाज येत होता. साफ. दुसऱ्या बोटीशी जाल्याबद्दल बोलत होता. त्याचा आवाज ह्यांना येतोय, तर ह्यांचा त्याला कसा न्हाय येनार?"

सगळं गाव याच एका वाक्यावर ठाम होतं. आणि ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखंच होतं. भावाने हाक ऐकली, रागापायी गेला नाही. पास्कूच्या बोटीवर खलाशी चढेनात. महिन्याच्या मिसेला, म्हणजे इनाससाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, तो देवळात शिरला तर त्याच्या बाकावरची माणसं उठून दुसरीकडे बसली. इनासच्या बायकोने, फिलूबायने, तो दारात आला तेव्हा दार लावून घेतलं. चेअरमन भला माणूस. त्यांना वाटलं, मशीन काय ते खरं सांगेल.

मी रुमाल सोडला. सेटवर शेपटी होती आणि तिला निळं कडं होतं. नखाने खरवडून पाहिलं. रंग निघेना. तो ब्रशने मारलेला रंग नव्हताच, कंपनीचा होता. मीटर लावल्यावर काटा कुठे गेला ते पाहून मी थोडा वेळ चेअरमनकडे बघितलंच नाही. बोटींचे सेट एकशे छप्पन्न मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. ही शेपटी साडेचारशेच्या वरची होती. इमारतींच्या साइटवर चालणाऱ्या सेटांची.

दुसऱ्या दिवशी मी चौकला गेलो, आधी फिलूबायकडे. पन्नाशीची बाई, काळा झगा, अंगणात बोयांची दोरी सोडवत बसली होती. मी सेट दुरुस्त करणारा, एवढंच तिला माहीत होतं. मी विचारलं, ही अँटेना पहिल्यापासूनची का?

"न्हाय. पयली मोडली, बोटीच्या कडेवर आपटून. ही मी आनली, भायंदरच्या भंगारवाल्याकडून. ढीग होता त्याच्याकडं. त्यात ही एकच आमचे रंगाची." तिने हात पुसले आणि शेपटी माझ्याकडून घेऊन कड्यावरून बोट फिरवलं. "त्याला दाकवली तर हसला. म्हनला, बग, आपला रंग आपल्याला सोदत आला."

मी तिला काही सांगितलं नाही. ती चहा ठेवायला उठत होती, मी नको म्हटलं आणि निघालो.

मग आम्ही समुद्रावर चाचणी घेतली. चेअरमन आणि इनासचा एक खलाशी इनासचा सेट घेऊन धक्क्यावर उभे राहिले, मी पास्कूच्या बोटीवर. चेअरमनना मी सांगून ठेवलं होतं, आमचा आवाज आला की चादर हलवा आणि मग सेटवर उत्तर द्या. चाळिशीचा पास्कू, दाढी वाढलेली, सुकाणूवर गप्प उभा होता. बोट तो आणि त्याचा मेहुणा असे दोघेच हाकत होते. धक्का लांब गेला, चादर ठिपक्याएवढी दिसू लागली तेव्हा मी पास्कूच्या हातात माइक दिला.

"चेअरमन, पास्कू बोलतोय. ऐकू येतंय तर हलवा."

चादर हलली. लगेच हलली. आमच्या सेटवर नुसती खरखर होती.

"चेअरमन, बोला."

चादर पुन्हा हलली. तिकडे ते तोंडाशी सेट धरून बोलत असणार, हे आम्हांला दिसल्यासारखं कळत होतं. आमच्यापर्यंत एक अक्षर आलं नाही. पास्कूच्या बोटीचा सेट मोठा, त्याची अँटेना उंच डोलकाठीवर. त्याचा आवाज वाईट शेपटीलाही सापडतो. पण त्या हातातल्या लहान सेटचा आवाज त्या शेपटीतून परत येऊ शकत नाही. मी हे पास्कूला सांगत होतो, पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो खरखर ऐकत होता. माइक हातात तसाच धरून तो म्हणाला, "म्हंजे तो माजं बोलनं ऐकत होता."

मी त्याच्या हातातून माइक काढून घेतला. 

परत येऊन मी धक्क्यावरच्या सेटला बरोबर शेपटी लावून दिली आणि पुन्हा तेवढ्याच लांब गेलो. या वेळी चेअरमनचा आवाज शेजारी उभं राहून बोलल्यासारखा आला. ते पास्कूच्या नावाने हाक मारत होते. मी म्हटलं, "पास्कू, झालं. उद्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगतो. तुझ्यावरचा डाग गेला."

त्याने विचारलं, "ती एंटिना आनली कोनी?"

मी माइकची वायर गुंडाळायला लागलो. तेवढ्यावरून त्याला समजलं. बोयांना, वल्ह्यांना निळा रंग त्या घरात कोण लावतं हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"मेस्त्री, असं सांग का सेटमदी पानी गेलं."

"पाणी गेलेलं नाही. आणि बाकीच्या बोटींचं काय? त्यांनीही कडी रंगवून ठेवलीत. उद्या आणखी कुणी भंगारातून आपल्या रंगाची उचलेल."

"मंग कायच सांगू नको. मी ऐकलं आनि गेलो न्हाय, म्हनू दे त्यांना."

मला राग आला. मी म्हटलं, तुझ्या बोटीवर खलाशी चढत नाहीत, देवळात तुझ्या शेजारी कुणी बसत नाही, आणि तू मला हे सांगतोयस?

"माजं इसरतील," तो म्हणाला. "वरसा-दोन वरसांत इसरतील. वयनी इसरंल काय?"

रात्रभर विचार केला असं मी लिहिणार नाही, कारण विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. समुद्रात तेवढ्याच बोटी पुन्हा जाणार होत्या. सांगणं भागच होतं. पण सांगायला जाताना आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या धंद्याचा तिटकारा आला.

रविवारी मिस सुटल्यावर हॉल भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, पास्कू दाराशी उभा. सगळ्यांना आपापले सेट आणायला सांगितले होते. मी कडी ब्लेडने खरवडून आतला रंग दाखवला. आपल्या खुणेखाली कंपनीची खूण होती हे बघून म्हातारेसुद्धा पुढे सरकून बघू लागले. आणखीही काही शेपट्या चुकीच्या निघाल्या, त्या मी बाजूला काढल्या. मग चाचणीचं सांगितलं. चेअरमन उठून म्हणाले, "मी उबा होतो. त्याचा आवाज मला येत होता, माजा त्याला गेला न्हाय. पास्कूला हाक गेलेली न्हाय. आपन त्याच्यावर पाप घातलं."

कुणीतरी विचारलं, "पन इनासच्या सेटाला झालं काय होतं?"

मी कुणाचंही नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, की त्याच्या सेटवर जी शेपटी होती ती जमिनीवरच्या सेटांची होती. तिचं निळं कडं कंपनीचंच होतं, तुमच्या खुणेचं नव्हतं.

मी बायकांच्या बाजूला बघायचं टाळत होतो. तरी दिसलंच. फिलूबाय सावकाश उभी राहिली. तिच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत दाराशी पास्कू मोठ्याने बोलला.

"ती मी दिलती त्याला."

हॉलमध्ये एकच गलका झाला. चेअरमन म्हणाले, "तू? तुमी तर बोलत न्हवता."

"दिलती. भंगारातून आनली आनि दिली. मला काय म्हायत तिचा नंबर येगला असतो."

जे लोक घटकेपूर्वी त्याच्याकडे वळून शरमेने खाली बघत होते, ते पुन्हा ताठ झाले. एक म्हातारा "देवा, काय हे" असं काहीतरी पुटपुटला. मी तोंड उघडलं, पास्कूने माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

फिलूबाय बाकांमधून चालत पुढे आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. इनास गेल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"खोटं बोलतोय तो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "एंटिना मी आनली. निली दिसली म्हनून आनली. माज्या हातानं सेटाला लावली."

 तिने पास्कूकडे बघितलं.

"तो तुला हाक मारीत होता. तुला गेली न्हाय. एवडंच ना?"

"एवडंच, वयनी."

"मंग घरा चल. सकालपासनं कायपन खाल्लेलं दिसत न्हाय तू."

ती दाराबाहेर पडली. पास्कू चपला घालायच्या विसरून तसाच तिच्या मागून उन्हात चालू लागला.